कर्करोगाचे अलंकार

समीक्षा म्हटली की ती कादंबरीची, कवितेची, फार तर नाटकाची करायची असा आपल्याकडे रिवाज आहे. पण माणसे ज्या शब्दांच्या आधाराने जगतात, आणि प्रसंगी ज्या शब्दांच्या धाकाने मरतातही, ते सगळेच शब्द काही पुस्तकांत छापलेले नसतात. दवाखान्याच्या बाकावर, आजाऱ्याच्या उशाशी, समाचाराला आलेल्या पाहुण्यांच्या चहाबरोबर एक अलिखित वाङ्मय रोज निर्माण होत असते. त्यातही उपमा असतात, रूपके असतात, नायक असतात आणि खलनायक तर असतातच. कर्करोगाविषयी आपण जे बोलतो ते असेच एक वाङ्मय आहे. ते कुणी तपासत नाही, म्हणून ते फार सैल झाले आहे. या लेखात त्याची थोडी झाडाझडती घ्यायचा विचार आहे.

ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात हा रोग आलेला असतो त्या घरातही दिवाळी येतेच. आणि त्या घरी आजाऱ्याच्या पानात काय वाढायचे नि काय नाही, हे पुष्कळदा वैद्यकावरून ठरत नाही, एखाद्या रूपकावरून ठरते. ते कसे, हे पुढे ओघाने येईल.

शाळेत आपण सर्वांनी अलंकार पाठ केलेले असतात. ‘मुख चंद्रासारखे’ ही उपमा. ‘मुख म्हणजे जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा. ‘मुखचंद्र’ हे रूपक. या तिन्हींतला फरक परीक्षेपुरता लक्षात ठेवून आपण सोडून देतो. पण तो फार मोलाचा आहे. उपमेत दोन वस्तू वेगळ्या आहेत याची जाण शाबूत असते. उत्प्रेक्षेत ती ‘जणू’ या एका शब्दाच्या खुंटीला टांगलेली असते. रूपकात खुंटीही जाते आणि जाणही जाते. कवितेत हे शोभून दिसते, कारण कविता वाचून कुणी चंद्राला पावडर लावायला जात नाही. रोगाच्या बाबतीत मात्र ‘जणू’ गळाला की माणसे खरोखरीच त्याप्रमाणे वागू लागतात.

सर्वांत जुना अलंकार रोगाच्या नावातच आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या परंपरेत, म्हणजे इसवी सनापूर्वी चारशे वर्षांच्या सुमारास, या गाठींना खेकड्याचे नाव मिळाले. मधे एक कठीण गाठ आणि तिच्याभोवती फुगून पसरलेल्या शिरा. पाहणाऱ्याला खेकडा आणि त्याचे पाय आठवले. लॅटिन भाषेत तेच नाव गेले आणि आपण त्याचे भाषांतर करून ‘कर्करोग’ म्हणू लागलो. आता ही उपमा नीट पाहा. खेकड्याचे पाय म्हणून ज्या दिसल्या त्या शिरा गाठीच्या नव्हत्या; त्या भोवतालच्या शरीराच्या होत्या. म्हणजे पहिल्या उपमाकाराने गाठ एकटी पाहिलीच नव्हती. त्याने गाठ आणि तिचा शेजार दोन्ही मिळून एक आकृती पाहिली. पुढे उपमेचे नाव झाले, नावाचे रूपक झाले, आणि पाय खेकड्याचेच समजले जाऊ लागले. शेजार चित्रातून बाहेर पडला. तो पुन्हा चित्रात यायला फार काळ जावा लागला, आणि ती कथाच या लेखाचा गाभा आहे.

आपल्या सुश्रुताने वापरलेला शब्द ‘अर्बुद’. त्याने उपमेच्या भानगडीत न पडता निरीक्षण नोंदवले: मोठी, खोल मूळ असलेली, हळूहळू वाढणारी, न पिकणारी गाठ. एका अर्बुदावर दुसरे उठले तर अध्यर्बुद, जोडीने उठली तर द्विरर्बुद, अशी नावेही त्याने दिली. अर्बुद हा शब्द संख्यावाचकही आहे; त्याचा अर्थ दहा कोटी. योगायोगाची गोष्ट अशी, की जेमतेम सेंटीमीटरभर गाठीत पेशी मोजू गेले तर त्या दहा कोटींपासून अब्जापर्यंत भरतात. सुश्रुताला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण काही शब्दांचे नशीब चांगले असते.

आज बोलबाला आहे तो या दोहोंचा नव्हे, तिसऱ्याच अलंकाराचा: युद्धाचा. रोग हा शत्रू, शरीर हा किल्ला, औषध हा तोफखाना. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत माणूस ‘कर्करोगाशी दिलेली झुंज हरतो’. जणू काही जगलेले सगळे शूर आणि गेलेले सगळे कुठेतरी कमी पडले! अमेरिकन लेखिका सुसान सोन्टाग हिने १९७८ साली या भाषेवर कडाडून टीका केली. क्षयरोगाच्या वाट्याला हळुवार, काव्यमय शब्द आले आणि कर्करोगाच्या वाट्याला लष्करी व लाजिरवाणे, हे तिने दाखवून दिले. आपल्याकडेही तेच झाले. हिंदी पडद्यावर १९७१ साली ‘आनंद’ने हा रोग हसऱ्या चेहऱ्याने दाखवला खरा, पण घराघरांत अजूनही तो ‘मोठा आजार’ असा नाव न घेता, आवाज उतरवूनच सांगितला जातो.

माझी तक्रार मात्र थोडी निराळी आहे, आणि ती कादंबरी लिहिणाऱ्याची आहे. युद्धाच्या रूपकातला खलनायक बाहेरून येतो. त्याला गाव नाही, घर नाही, शेजारीपाजारी नाहीत. तो फक्त दुष्ट आहे. असा खलनायक कादंबरीत आला तर आपण लेखकाला कच्चा म्हणतो. सावकार कुळाला नाडतो ते काही एकट्याच्या दुष्टपणावर नाही. कोरडा पावसाळा, मुलीचे लग्न, दूरची कचेरी, मुकाट बघणारे गाव, एवढे सगळे मिळून त्याला सावकार करतात. कर्करोगाची पेशी तर बाहेरून आलेलीच नसते. ती आपलीच, आपल्याच रक्तावर वाढलेली. मग ती जगते कशी? खाते काय? टाकते काय? भोवतालच्या पेशींशी तिचा व्यवहार कसा चालतो? हे प्रश्न युद्धाच्या रूपकात उपस्थितच होत नाहीत. शत्रूच्या चुलीवर काय शिजते याची चौकशी कोण करतो?

त्या चुलीची चौकशी पहिल्यांदा नेटाने केली बर्लिनच्या ओटो वारबुर्ग याने. १९२०नंतरच्या दशकात त्याने उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वास आणि साखरेचा खर्च मोजला. निरोगी पेशी प्राणवायू मिळत असला की साखर पुरती जाळतात. एका कणातून साधारण तीस भाग ऊर्जा मिळते. प्राणवायू नसेल तर त्या ती अर्धवट मोडतात. तेव्हा फक्त दोन भाग मिळतात आणि लॅक्टिक आम्ल उरते, म्हणजे आपल्या दह्यात असते तेच. वारबुर्गला आढळले, की गाठीच्या पेशी भरपूर प्राणवायू असूनही साखरेचे असे विरजण लावतात. याला आज वारबुर्ग परिणाम म्हणतात. त्याला १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र श्वसनाच्या एका विकरावरील कामासाठी.

हे काप काचेच्या भांड्यातले. जित्या शरीरात काय होते? कार्ल आणि गर्टी कोरी या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोडप्याने १९२५ साली त्याची तपासणी केली. कोंबडीच्या एका पंखावर गाठ होती, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी ताडून पाहिले. गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक. म्हणजे गाठ नुसती खात नव्हती, ती शेजाराला काहीतरी देतही होती. पुढे याच दांपत्याने आणखी एक चक्र उलगडले: स्नायूंतून रक्तात उतरलेले लॅक्टिक आम्ल यकृत गोळा करते, स्वतःची शक्ती खर्चून त्याची पुन्हा साखर करते आणि ती रक्तात सोडते. गाठीने टाकलेले आम्लही याच वाटेने जाऊ शकते; मग परत आलेली साखर पुन्हा गाठ खाते. वीतभर अंतरावरच्या यकृताला पत्ताही नसतो की आपण कुणाचे धान्य दळतो आहोत. आजारी माणूस खात असूनही वाळत जातो त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत या फुकटच्या दळणाचाही वाटा असू शकतो.

इतके तोट्याचे काम पेशी का करते? वारबुर्गला वाटे, तिची श्वसनयंत्रणा बिघडलेली असते. पुढे असे दिसून आले की पुष्कळ गाठींत ती यंत्रणा शाबूत असते. मग आजचे शास्त्रज्ञ जे स्पष्टीकरण देतात ते आपल्याला घरच्या भाषेत असे सांगता येईल: नुसता स्वयंपाक करायचा असेल तर सगळे लाकूड चुलीत घालावे, पण घरच बांधायचे असेल तर त्यातले वासे-तुळयांसाठी बाजूला ठेवावे लागते. भराभर वाढणाऱ्या पेशीला साखर जाळायचीही असते आणि तिच्या तुकड्यांतून नवी पेशी बांधायचीही असते. गर्भातल्या पेशी, जखम भरून काढणाऱ्या पेशी, रोगजंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी याही थोड्याफार याच रीतीने वागतात. गाठीने ही रीत शोधून काढलेली नाही. तिला ती थांबवता येत नाही, एवढेच.

येथे आपल्या मुलखातला एक अलंकार आठवतो: बांडगूळ. विदर्भातल्या आंब्याच्या झाडांवर ते पुष्कळ दिसते, आणि ‘समाजपुरुषाच्या अंगावरचे बांडगूळ’ हे भाषणातले वाक्य तर सर्वांच्या कानांवरचे आहे. युद्धापेक्षा हे रूपक बरे, कारण त्यात निदान झाड आहे. पण तपासून पाहिले तर तेही लंगडे पडते. बांडगुळाचे बी फुलटोच्यासारखे पक्षी दुसऱ्या झाडावरून आणतात. गाठ बाहेरून येत नाही. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेते, अन्न बरेचसे आपले आपण करते. गाठीला असे एकही हिरवे पान नसते. अमरवेल जवळची म्हणावी, कारण ती सगळेच शोषते. तरीही एक मोठी उणीव राहते. अमरवेल झाडाचा स्वभाव बदलत नाही. गाठ शेजाऱ्यांचा बदलते.

गेल्या पंधरावीस वर्षांत जे समजले ते हेच आहे, आणि ते कुठल्याही कादंबरीपेक्षा चित्तवेधक आहे. गाठीच्या भोवती तंतुपेशी असतात. त्यांचे काम शरीराचा चौथरा-सांगाडा विणण्याचे. २००९ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी असे मत मांडले, की काही गाठींत विरजण गाठीची पेशी लावत नाही, शेजारच्या तंतुपेशींना ते लावायला लावते. त्यांनी साखर मोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचे आणि गाठीने ते आयते घेऊन जाळायचे. याला त्यांनी उलटा वारबुर्ग परिणाम म्हटले. एकाच गाठीतही असा व्यवहार चालतो: रक्तवाहिनीपासून लांबच्या, प्राणवायूला मुकलेल्या पेशी आम्ल टाकतात, जवळच्या ते इंधन म्हणून घेतात आणि साखर लांबच्यांसाठी पुढे जाऊ देतात. २०११ साली दिसले, की बीजांडकोशाचा कर्करोग पोटातल्या चरबीच्या पडद्यावर पसरतो तेव्हा तिथल्या चरबीच्या पेशी त्याला आपला साठा पुरवतात. २०१६ साली स्वादुपिंडाच्या गाठीत आढळले, की भोवतालच्या पेशी आपल्याच अंगातली प्रथिने मोडून त्यांतले अ‍ॅलानिन गाठीला देतात.

आणि पहारेकरी? गाठीभोवतीची जागा आंबट होते. निरोगी रक्ताचा सामू ७.४, गाठीच्या आसपास तो ६.५ ते ६.९ इतका उतरलेला आढळतो. अशा आंबट पाण्यात पहाऱ्याच्या टी पेशी मंदावतात. २०१५ साली असेही दाखवले गेले, की गाठ साखर ओढून घेते म्हणून टी पेशी उपाशी पडतात. ही गोष्ट ऐकायला फार ठाकठीक आहे आणि म्हणूनच मला तिचा थोडा संशय येतो. फार ठाकठीक कथानक बहुधा लेखकाच्या सोयीचे असते. झालेही तसेच. २०२१ साली उंदरांच्या गाठींत पेशीगणिक हिशेब मांडला तेव्हा साखरेचा सर्वांत मोठा वाटा गाठीच्या पेशीने घेतलेला नव्हता, तो तिथेच जमलेल्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींनी घेतला होता. गाठीचा ओढा ग्लुटामिनकडे अधिक होता. म्हणजे एकटा खादाड पाटील आणि उपाशी गाव असे सरळ चित्र नाही. कोण काय खातो हे जागेजागेवर वेगळे आहे. चांगल्या कादंबरीत असते तसेच.

मग हा शेजार शास्त्रज्ञांना इतकी वर्षे दिसला कसा नाही? एक कारण त्यांच्या भांड्यातच होते. पेशींचा अभ्यास करायचा तर त्या शरीरातून काढून काचेत, भरपूर साखर घातलेल्या पोषकद्रवात वाढवाव्या लागतात. त्याशिवाय पुढची पायरीच नव्हती. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभी केली ती पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. माहेरच्या त्या समर्थ. मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट आणि मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवण्याचे शिक्षण. काचेतल्या पेशीची विद्या शिकून आलेल्या या बाईंनी उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला तो मात्र आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या सगळ्यांची सांगड घालून. एकाच कारणावर सगळे ढकलायचे नाही, ही दृष्टी त्यांच्या कामात आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या मराठी घरांत त्यांचे नाव जेवढे ठाऊक असायला हवे तेवढे नाही.

एकाकी पेशीच्या भ्रमाला तडा देणारा एक प्रयोग १९८४ साली अमेरिकेत झाला. कोंबडीत हमखास गाठ उठवणारा एक विषाणू आहे. पेटन राउसने तो १९११ साली शोधला आणि त्याला नोबेल मिळाले ते पंचावन्न वर्षांनी, १९६६ साली. मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने हाच विषाणू कोंबडीच्या अगदी कोवळ्या गर्भात सोडला. तो पेशींत शिरला, पण गाठ उठली नाही. त्याच पेशी तिथून काढून काचेत ठेवल्या, तर त्या बिघडल्या. बी तेच, माती निराळी.

बी आणि माती! अलंकारांच्या या दरबारात मला सर्वांत सरस वाटतो तो हाच. १८८९ साली लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. रोग यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत क्वचित. रक्त तर दोन्हीकडे जाते. तेव्हा ते म्हणाले, बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्या मातीतच. काळी जमीन आणि मुरमाड जमीन यांतला फरक शेतकऱ्याच्या पोराला सांगावा लागत नाही. म्हणून हा अलंकार आपल्याला घरचा वाटतो.

आणि या मातीचे सर्वांत रोकडे उदाहरण शोधायला नागपूरकराला लंडनला जावे लागत नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जावे. तिथे प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होत असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; खर्ऱ्याचे घोटणे काही थांबले नाही. हा खर्रा तोंडात काय करतो? तंबाखू बिया पेरते म्हणावे, तर सुपारी माती बदलते. सुपारीतली द्रव्ये गालाखालच्या तंतुपेशींना चेतवतात. त्या कोलॅजेनचे धागे विणत सुटतात. सुपारीतल्या तांब्यामुळे हे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात आणि विरघळेनासे होतात. गाल चामड्यासारखा होतो, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विरजणाच्या मार्गाला लागतात. पेशीला प्राणवायूची चणचण कशी कळते या शोधाला २०१९ साली नोबेल मिळाले. ती चणचण भासताच जो प्रथिन-कारभारी जागा होतो तो या आवळलेल्या गालांत अधिक प्रमाणात जागा असलेला आढळला आहे. गाठ उठण्याच्या कितीतरी आधी शेजाराचा चयापचय असा बदललेला असतो. बी पडण्यापूर्वीच वाफा तयार.

या विकाराची नोंद १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडावरून झाली, आणि १९५३ साली मुंबईच्या डॉक्टर जोशींनी त्याचे वर्णन करून नाव दिले. त्याही आधी, १९४४ साली, खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. टाटा रुग्णालय उघडून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळात एर्नाकुलमकडे असे ६६ रोगी सतरा वर्षे नजरेखाली ठेवले. त्यांपैकी पाच जणांना कर्करोग झाला. सुपारी, तंबाखूशिवाय नुसती सुपारीही, माणसात कर्करोग घडवते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असे म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावे. आमच्या शहरातले कर्करोग रुग्णालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने आहे; ते स्वतः १९६८ साली याच रोगाने गेले. माणूस नुसता नव्हे, गाव सुधारावे हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. रुग्णालयाला हे नाव किती साजते!

आता पानातल्या गोडाची गोष्ट. ‘कर्करोग साखर खातो’ हे वाक्य वारबुर्गच्या कामाचे रूपक झाले आणि त्याचा ‘जणू’ गळून पडला. मग घरोघरी त्यातून अनुमान निघाले: साखर बंद करा, रोग उपाशी मरेल. आजाऱ्याच्या पानातला लाडू गेला, मग भात गेला, मग केळे गेले. औषधाने आधीच तोंडाची चव गेलेला माणूस आणखी खंगत गेला. येथे अलंकार घातक ठरतो. साखरेची भूक एकट्या गाठीची नाही. गाठी शोधण्यासाठी किरणोत्सारी साखर टोचून जे पेट चित्र काढतात, त्यात गाठ उजळते तसा मेंदूही लखलखीत उजळतो. खाणे थांबवले म्हणून रक्तातली साखर संपत नाही; यकृत ती तयार करते, आणि कच्चा माल नसला तर स्नायू मोडून करते. म्हणजे उपाशी राहतो तो माणूस. आणि साखर नसली तर चरबी, ग्लुटामिन, शेजाऱ्यांचे अ‍ॅलानिन, वर्षानुवर्षे बसवलेले सगळे व्यवहार गाठीला मोकळे असतातच. आहार आणि औषध यांची जोड घालण्याचे प्रयोग जगात चालू आहेत, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजूनमापून. माजघरात बसून करण्याचे ते काम नव्हे.

शेजाराच्या या नव्या भाषेलाही मी मोकळे सोडणार नाही. समीक्षकाने आवडत्या पुस्तकाचे दोष सांगितले नाहीत तर तो समीक्षक कसला? शास्त्रज्ञ लिहितात: गाठ शेजाऱ्यांना ‘फितवते’, ‘गुलाम करते’, ‘भ्रष्ट करते’. हा शुद्ध चेतनगुणोक्ती अलंकार झाला. पेशीला हेतू नसतो, कावा नसतो. तंतुपेशी फितूर होत नाही. आजूबाजूला जखमेसारख्या खुणा दिसल्या की ती जखम भरायला लागते, एवढेच तिला येते. अमेरिकन डॉक्टर ड्वोराक यांनी १९८६ साली गाठीला कधीही न भरणारी जखम म्हटले ते यासाठीच. त्या एका शब्दात सगळ्या शेजाराचा दोष उतरतो. ते सगळे आपापले नेहमीचे काम प्रामाणिकपणे करीत असतात. काम थांबवण्याचा निरोप तेवढा येत नाही.

माती म्हणण्यातही धोका आहेच. ‘त्याची मातीच तशी’ म्हणून रोग्यालाच दोषी धरायला लोक टपलेले असतात. ‘खर्रा खात होता ना, मग भोग’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे, की माती एकट्याची नसते. पानठेला, दहा-वीस रुपयांची पन्नी, दुपारच्या भुकेला मारण्यासाठी तोंडात धरलेली चिमूट, शाळेच्या वाटेवर टांगलेल्या पुड्यांच्या माळा, हे सगळे त्या मातीत आहे. त्या मातीचे मालक आपण सगळे आहोत.

तसेच उलट बाजूने. एखाद्या जमातीला, वस्तीला, विरोधकाला ‘समाजाचा कॅन्सर’ म्हणण्याची खोड आपल्या सार्वजनिक भाषेला जडली आहे. म्हणणाऱ्याला सुचवायचे असते: कापून काढा. या वक्त्यांनी वैद्यकाची दोन पाने वाचली तर त्यांचे रूपक त्यांच्याच अंगावर येईल. कारण ती गाठ परकी नसते, आपल्याच पेशींची असते. आणि तिला पोसण्यात साऱ्या शेजाराचा हात असतो.

सोन्टागबाईंचे म्हणणे असे, की रोगाचा विचार रूपकांवाचून करता आला तर तो सर्वांत निरोगी. म्हणणे खरे, पण माणसाला ते झेपत नाही. ज्याच्या घरी रिपोर्ट आलेला आहे त्याला काहीतरी चित्र लागतेच. तेव्हा चित्र द्यावे, पण त्यातला ‘जणू’ शाबूत ठेवून द्यावे. खेकडा म्हणताना पाय कुणाचे हे विचारावे. शत्रू म्हणताना तो कुठल्या गावचा हे विचारावे. माती म्हणताना मशागत कुणी केली हे विचारावे. एवढे केले तरी पुष्कळ भीती आणि पुष्कळ निर्दयपणा आपोआप उतरेल.

आणि यंदा फराळाचे ताट घेऊन अशा एखाद्या घरी जाल तेव्हा आजाऱ्याला विचारा, त्याला काय खावेसे वाटते. मधुमेहामुळे किंवा दुसऱ्या कारणाने डॉक्टरांनी मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर एक करंजी त्याच्याही बशीत ठेवा, आणि तो ती सावकाश खात असताना रोगाखेरीज दुसऱ्या कशावर तरी त्याच्याशी बोला.